साखरेचा थर

एरंडवण्यातल्या शाळेची प्रयोगशाळा, जानेवारी,
अकरा अंश म्हणून वॉचमन कानटोपीत,
आणि मी पाच जणांना बर्फ शिकवते आहे
ज्यांनी तो आजवर उसाच्या रसात पाहिलाय.

फिशटँक भाच्याचा. मासे गेले, काच राहिली.
तळाशी जाड साखर.
तिच्यावर रवा, चाळणीतून, हलक्या हाताने.
मग मैदा, आणि तो तळव्याने दाबून.
हा वारा, मी सांगते. वारा म्हणजे बर्फाचा हमाल,
डोंगराच्या या अंगाचं उचलून त्या अंगाला रचतो
आणि पावती देत नाही.

साखर का? शाल्मली विचारते.

निरभ्र रात्रींमुळे.
गार, वारा पडलेला, तंबूबाहेर येऊन
सगळे मान वर करून "काय सुंदर" म्हणतात ना,
त्याच रात्री खाली, जमिनीलगत,
कण एकमेकांचा हात सोडतात.
सुटे, चकचकीत, मुठीत धरले तर ओघळणारे.
नंतर चार दिवस त्यांच्यावर बर्फ पडत राहतो.
वरून काही दिसत नाही.
म्हणून खड्डा खणायचा.

खड्ड्याच्या भिंतीत आधी मूठ घाला.
मग चार बोटं. मग एक. मग पेन्सिल. मग सुरी.
वर पेन्सिल लागते आणि खाली मूठ सहज जाते
तिथे थांबा. डबा खायला नव्हे.

फावडं आडवं ठेवून दहा थापा मनगटातून,
दहा कोपरातून, दहा खांद्यातून.
कितव्या थापेला फुटलं ते वहीत लिहा.
कसं फुटलं तेही:
कुरकुरत, की ड्रॉवर उघडावा तसं.

मग परात, तेच थर, आणि कंपासपेटीतला कोनमापक.
वीस. पंचवीस. तीस.
ऋचिक मोबाइल काढेपर्यंत चौतीसला
मैदा अख्खाच्या अख्खा सरकतो,
कोणीतरी खालून सतरंजी ओढल्यासारखा.
मुलं टाळ्या वाजवतात.
मीही वाजवल्या होत्या, पहिल्यांदा.

नऊ वर्षांपूर्वी मी एक उतार नाकारला.
खिंड चारशे मीटरवर होती.
जमवलेल्या रजा, भाड्याच्या स्की,
सुधन्वाच्या पायाला उसन्या बुटांचे फोड.
बाराव्या थापेला ड्रॉवर उघडला.
त्याआधी चालताना एकदा पायाखाली
हुप्प झालं होतं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
मी म्हटलं, परत.

दुपारी दुसरा एक गट तोच उतार उतरला.
आठ जण, आठ नागमोडी रेघा,
शेवटच्या मुलीने तर आरोळी ठोकली.
आम्ही खालून पाहत होतो.
जीपमध्ये मनालीपर्यंत कोणी बोललं नाही.

उतार पडला नाही.
पडला असता तर मी बरोबर ठरले असते,
त्या आठ जणांसकट.
हे गणित मी अजून मांडते आणि खोडते.
शाळेत निदान पेपर तपासून मिळतो.

"मग कळायचं कसं, मॅडम?"
मागच्या बाकावरून, हळू आवाजात.
मी म्हणते, वहीत लिहीत जा. तारीख घाल.

रवा, साखर, मैदा आता वेगळे होत नाहीत.
टाकून देणं आमच्या घरात बसत नाही,
म्हणून या वर्गानंतर दरवर्षी शिरा.
साखर आधीच मिसळलेली, भाजताना करपते,
रंग लालसर, मैद्याने चिकट.

सुधन्वा येतो, कोथरूडहून, स्कूटरवर,
गुडघ्याला पट्टा बांधून.
वाटी संपवतो. चमच्याने कड खरवडतो.
"काय गं, पडला का तो उतार?"
"अजून नाही."
"बरं," म्हणतो,
आणि वाटी पुढे करतो.